इंदीचा हट्ट

आमच्या घराण्यात एक गोष्ट आहे. लग्नाची पंगत असो की तेरवीची, चार जुनी माणसं मांडीला मांडी लावून बसली की ती निघतेच. तिला नावही पडलं आहे, 'इंदीचा हट्ट'. इंदी म्हणजे इंदू, माझी बायको. गोष्ट अशी की, आम्ही समुद्रावर गेलो असताना नवऱ्यानं शंभर हाका मारल्या तरी ही बाई खडकावरून उठली नाही, आणि पाण्यानं वेढली गेली. सांगणारा हसतो, ऐकणारे हसतात. ती होती तेव्हा तीही हसायची, हातात वरणाची बादली घेऊन, वाढता वाढता. मागच्या वर्षी तिच्या तेरवीला तिच्या सख्ख्या भावानंच ती गोष्ट काढली. मी पत्रावळीवर हात ठेवून बसलो होतो. बोललो नाही. पन्नास वर्षं बोललो नाही, तेव्हाही नाही. ती गोष्ट खोटी आहे. मी सातवी नापास माणूस, लिहिणं म्हणजे ट्रकच्या बिल्टीवर सही, एवढंच आजवर केलं. पण हे लिहितो.

सुरुवात माझ्या एका शब्दापासून आहे. सतरा वर्षांचा होतो तेव्हा घरून पळून मुंबईला गेलो. आमचं गाव सिंदीपासून दोन कोस. स्टेशनवर बसलो आणि गेलो. तिथं एका कापसाच्या गोदामात राहिलो. दिवसा गाठी सरकवायच्या, रात्री त्याच गाठींवर झोपायचं. दीड महिन्यात ताप भरला, मुकादमानं परतीच्या गाडीत बसवून दिलं. समुद्र मी पाहिला नाही. गोदामाला एक खिडकी होती, तिच्यातून दुसऱ्या गोदामाची भिंत दिसायची. गावात उतरलो तर पारावरच्या लोकांनी घेरलं. एकानं विचारलं, "काबे गजा, समुद्र पाह्यला का?" मी म्हटलं, "पाह्यला काय म्हनता, पोहलो." झालं. तेवढा एक शब्द. पुढं त्याला मीच पाय फोडले, हात फोडले. लाटा किती उंच असतात, माणूस कसा तरंगतो, मासे पायाला कसे लागतात. धाम नदीच्या डोहात पोहायला शिकलो होतो, त्यालाच मीठ लावून सांगायचो. इंदूच्या बापानं पोरगी दिली तीही, पोरगा मुंबईचं पाणी प्यालेला आहे म्हणून. हे त्यानं मांडवात चार लोकांत बोलून दाखवलं होतं.

बाबा, म्हणजे माझे वडील, बोलायला कमी आणि हाताला भारी. उभा जन्म कापूस पिकवला. बैलबंडी भरून हिंगणघाटच्या जिनिंगला, सरकी काढायच्या कारखान्यात, न्यायचे. तिथं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की तुमच्या कापसाच्या गाठी जहाजात बसून समुद्रापलीकडे जातात. ते त्यांच्या डोक्यात बसलं. माणूस आपली पोरगी देतो तर तिचं सासर पाहून येतो, तसं. त्या साली कापूस विकून झाला, तूर सोंगून झाली, आणि एका सकाळी दातात काडी धरून ते म्हणाले, "गजा, कापूस जाते कुठं ते पाहाचं हाय मले. तुले तं तिकडलं सारं माहीतच हाय. मामाची जीप आन." मी मामाच्या जीपवर गाडी शिकलो होतो. म्हणाले, "नीट नेली, नीट आनली, तं तेच जीप मामापासून घेऊन देतो तुले. डायवरकी कर, शेतात तुहं मन नाई लागत." मला तर तेच हवं होतं. पण मुंबईला गेलो तर गोदामवाला भेटेल, चार प्रश्न विचारले जातील, माझं पोहणं उघडं पडेल. म्हणून मी ठोकून दिलं, "मुंबईत समुद्र नाई दिसत बाबा, निऱ्या इमारती. खालच्या अंगानं जा लागते, किनाऱ्या-किनाऱ्यानं." बाबांनी मान हलवली. माझं ऐकून माणसं मान हलवत, त्याची मला सवय झाली होती.

चौघं निघालो. पुढं मी आणि बाबा, मागं माय आणि इंदू. लग्नाला आठ महिने झाले होते. मायनं जीपमध्ये एक पोतं गोवऱ्या भरल्या. बाबा म्हणाले, "अवो, कोकनात का इस्तो नसते?" माय म्हणाली, "इस्तो असंन, पन तिकडं गाई असतीन का नसतीन कोनाले माहीत? मासे खानारे लोक थे. रोडगे कायच्यावर भाजू?" तर गोवऱ्या, रोडग्यांचे गोळे वळायला कणीक, तुरीची डाळ, वांगी, मिरचीचा ठेचा, पाण्याची पितळी चरवी. इंदू त्या गोवऱ्यांच्या पोत्यावर पाय ठेवून बसायची. रस्त्यात खड्डा आला की मागून तिच्या जोडव्यांचा दांडीवर टक्क आवाज यायचा. आजही घरात कुठं धातूवर धातू टक्क वाजला की मी मागं वळून पाहतो. मागं कोणी नसतं, सून फ्रिजवर डबा ठेवत असते.

पुलगाव, अमरावती, मग पुढं पुढं, चार दिवसांनी घाट उतरलो. पहिला समुद्र दिसला नाही, ऐकू आला. नागावच्या अंगाला सुरूच्या झाडांमागून एकसारखा घर्र आवाज येत होता. बाबांनी कान दिला आणि म्हणाले, "जिनिंग चालू हाय वाट्टे इथं." झाडं ओलांडली तर समोर तो. बाबांनी चपला काढल्या. कितीतरी वेळ उभे राहिले. मग हळूच, जसं कोणाच्या घरात झोपलेलं माणूस उठू नये, "याच्या पल्याड जाते आपला कापूस?" मी म्हटलं, "हव." एवढं पाणी असतं हे मलाच माहीत नव्हतं. इंदू माझ्याकडे पाहत होती. मी चटकन चेहरा जुन्या ओळखीचा केला.

पुढचे दिवस आरामाचे होते, निदान त्या तिघांना. रेवदंडा, मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धन. मनाला येईल तिथं थांबायचं, नारळाच्या सावलीत रोडगे भाजायचे, कोणाच्या ओट्यावर नाहीतर देवळात पथारी टाकायची. खाडी आडवी आली की अर्धा दिवस वळसा. मायला पोफळीच्या बागा आवडल्या. बाबा प्रत्येक गावात कोणाला तरी धरून विचारायचे, इथून गाठी जातात का. मी मात्र जीप चालवत होतो आणि आतून घाम फुटत होता, कारण रोज एक नवा प्रश्न. मुरुडला सकाळी उठून बाबा म्हणाले, "गजा, काल संध्याकाळी पानी त्या होडीपाशी होतं. आज थे एवढं मांग काऊन गेलं?" मला काय ठाऊक! मी म्हटलं, "वारा. वाऱ्यानं सरकते थे." बाबांनी मान हलवली. ज्याच्या घरी आम्ही उतरलो होतो तो म्हातारा ओट्यावर सुपारी कातरत होता. त्यानं आडकित्ता थांबवला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कातरू लागला. आता माझी नात मोबाइलवर बोट फिरवून सांगते, आबा, आज अमक्या वाजता भरती आणि अमक्या वाजता ओहोटी. तेव्हाही सांगणारे होतेच. विचारलं असतं तर त्या म्हाताऱ्यानं फुकटात सांगितलं असतं. पण पोहलेला माणूस विचारतो कसा?

दिवेआगरला मी झिरा खोदला. आमच्याकडे उन्हाळ्यात नदीच्या रेतीत हातभर खड्डा करतात, त्यात गार पाणी झिरपतं, ते प्यायचं. इथं एवढी रेती, शेजारी एवढं पाणी, मी मोठ्या तोऱ्यात खोदलं. पाणी आलं. चरवीनं भरून आधी इंदूच्या हातात दिलं. ती प्याली. दोन घोट, तीन घोट. तोंड वाकडं केलं नाही. मी विचारलं, "कसं हाय?" ती म्हणाली, "थंड हाय." मग बाबांनी चरवी घेतली आणि पहिलाच घोट फर्रकन थुंकला. "अरे, हे तं नमक हाय निरं!" मी म्हटलं, "इथलं असंच लागते, सवय करा लागते." इंदू पदराआड खोकत होती. त्या दिवशी मला राग आला, की ही हसते आहे. ती हसत नव्हती.

श्रीवर्धनच्या पुढं एक लहानसं बंदर लागलं. गावाचं नाव आता आठवत नाही. दोन्ही बाजूंनी डोंगर, मधे वाळू, आणि डाव्या हाताला काळा खडक पाण्यात दूरवर गेलेला. आम्ही सकाळी आठ-नऊला पोचलो तेव्हापासून पाणी मागं मागं चाललं होतं. डोळ्यांदेखत. ओली वाळू घट्ट होती, मी जीप थेट खाली नेऊन उभी केली, पाण्यापासून शंभर पावलांवर. मायनं चूल मांडली, गोवऱ्या पेटवल्या. मी इंदूला घेऊन खडकावर गेलो. पाणी गेलेलं, तिथं डबक्यांत लहान खेकडे, खडकाला कालवं, धारदार शिंपले, चिकटलेली. एक बाई कोयत्यानं कालवं काढत होती, लुगड्याचा काचा मारलेला, कमरेला टोपली. आम्ही अगदी टोकापर्यंत गेलो. इंदू तिथं बसली, पाय खाली सोडून. एवढं खूश मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "बस. मी बाबाले घेऊन येतो. त्यायले इथून दाखवतो."

निघताना ती कालवंवाली टोपली उचलून परत चालली होती. तिनं इंदूला हाक दिली, "ए पोरी, उठ गो. पानी भरेल आता." इंदू उठायला लागली. हात टेकला होता तिनं खडकावर. माझ्याकडे पाहून विचारलं, "पानी परत येत नाई ना?"

नदीचा पूर ओसरला की ओसरला. सकाळी पायरीखाली गेलेलं पाणी दुपारी पायरीवर येत नाही, आकाशात ढग नसताना तर नाहीच. मला तेवढंच पाणी माहीत होतं. आणि त्या बाईसमोर, बायकोसमोर, मी पोहलेला माणूस होतो. मी म्हटलं, "काई होत नाई. बस तू. ओसरलं थे ओसरलं." कालवंवालीनं एकदा मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि गेली. इंदू पुन्हा बसली.

जीपजवळ आलो तर चाकं रुतली होती. उभ्या उभ्या, आपोआप, चार बोटं. मामानं पुढच्या चाकांचा जोर कधीच काढून ठेवला होता, गाडी मागच्या दोन चाकांवरच ओढायची. इंजिन चालू केलं, रेस दिली, तर मागची चाकं आणखी खाली. बाबा उतरून रेटू लागले. मी उतरलो, वाळू उकरली, पुन्हा रेस दिली. मायनं अर्ध्या भाजलेल्या रोडग्यांवरून हात झटकला, पोतं ओढत आणलं आणि गोवऱ्या चाकांखाली घालू लागली. गोवऱ्यांचा भुगा होऊन मागं उडायचा. माझ्या डोक्यात जीप, जीप, जीप. ही गेली की सारं गेलं. किती वेळ गेला ते कळलं नाही. मग चाकाखालच्या खड्ड्यात पाणी आलं. मला वाटलं झिरा लागला. बाबा म्हणाले, "गजा, हे पानी कुठून येऊन राह्यलं?" वर पाहिलं तर चूल विझलेली होती, आणि रोडगे पाण्यावर तरंगत होते.

माय ओरडली, "इंदू कुठी हाय रे?"

खडक नव्हता. म्हणजे होता, पण पाण्याखाली, आणि टोकाला एक उंचवटा वर राहिलेला. त्यावर इंदू उभी. लाट आली की कमरेपर्यंत, गेली की गुडघ्यापर्यंत. ती ओरडत नव्हती. दोन्ही हातांनी लुगडं धरून माझ्याकडे पाहत उभी होती. मी सांगितलं होतं बस, आता तेवढं बसता येत नव्हतं म्हणून उभी होती, असं काहीतरी. मी पाण्यात धावलो. पहिल्याच लाटेनं पाय उचलले, नाकातोंडात खारं पाणी, दगडावर खांदा आपटला. डोहात पोहणं वेगळं, इथं पाणीच माणसाला मारतं. मी बाहेर फेकलो गेलो. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. मागं माय ऊर बडवत होती. बाबा गुडघाभर पाण्यात उभे, त्यांना पोहता येत नव्हतं. मी तिसऱ्यांदा जाणार तर मागून कोणीतरी माझी कॉलर धरली. तीच कालवंवाली. "मरशील मेल्या! सरल नाय जायचं. माझ्या पाठीशी चल." ती सरळ न जाता डाव्या अंगानं, डोंगराच्या पायथ्याला चिकटून निघाली. तिथं खाली दगड उंच होता, पाणी छातीला, पण पाय टेकत होते. तिच्या टोपलीची दोरी माझ्या मुठीत. लाट आली की ती म्हणायची "थांब", गेली की "चल". मी थांबलो, चाललो. जन्मात पहिल्यांदा कोणाचं ऐकून चाललो.

इंदूला हात लागला तेव्हा ती थंड पडली होती. तिनं माझं मनगट असं धरलं की चार दिवस वळ होते. परत येताना ती कालवांवर घसरली, दोन्ही नडग्या फाटल्या. ते पांढरे वण शेवटपर्यंत होते. मागच्या वर्षी ती अंथरुणाला खिळली तेव्हा मी रोज तिच्या पायांना तेल लावायचो. बोट त्या वणांवर आलं की मी जोर कमी करायचो. ती डोळे मिटून पडलेली असायची.

वाळूवर आलो. जीपच्या बोनेटपर्यंत पाणी होतं. बाबांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. एवढे जवळ की त्यांचा श्वास लागत होता. म्हणाले, "तिले तिथी कोनं बसवलं?" त्यांचा उजवा हात मुठीत नव्हता, उघडा होता. तो जास्त वाईट, हे मला लहानपणापासून माहीत. मी तोंड उघडलं. शब्द होता, जिभेवर होता. कालवंवाली लुगडं पिळत उभी होती, तिनंही मान वर केली. आणि मागून इंदू, दात वाजत असताना, आपल्या सासऱ्याला म्हणाली, "मामाजी, माहीच चूक. यायनं लय हाका मारल्या मले. मीच नाई उठली. मले तिथी चांगलं वाटत होतं."

बाबांचा हात खाली आला. ते तिच्याकडे वळून म्हणाले, "एकदा सांगतलं तं आयकाव पोरी. थो समुद्र पोहलेला माणूस हाय." माय म्हणाली, "हट्ट चांगला नाई वो बाईच्या जातीले." मी उघडलेलं तोंड मिटलं. कालवंवाली माझ्या पायाशी थुंकली, टोपली उचलली आणि निघून गेली. तिचं नावही आम्ही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बैल लावून जीप काढली. इंजिन खोलून, गोड्या पाण्यानं धुऊन, आठ दिवसांनी ती चालली. बाबांनी बोलल्याप्रमाणे मामाकडून ती घेऊन दिली. तिच्यावरून मी टेम्पोवर गेलो, टेम्पोवरून ट्रकवर, आणि हिंगणघाटच्या गाठी तीस वर्षं ओढल्या. घर त्याच्यावर झालं, दोन पोरं त्याच्यावर शिकली. कितीतरी वर्षांनी एकदा कापूस वेचताना मी इंदूला विचारलं, काऊन बोलली तू तसं? ती बोंडातून हात न थांबवता म्हणाली, "नसती बोल्ली तं मामाजीनं तुमच्या हाती पुन्हा गाडी देली असती का? मंग खाल्लं काय असतं?" आणि पुढच्या ओळीत गेली. मी म्हणालो नाही की आता सांगू का सगळ्यांना. तिनंही विचारलं नाही. त्या संध्याकाळी पाहुणे आले, मायनं गोष्ट काढली, इंदू हसली.

मागच्या महिन्यात तिचं वर्षश्राद्ध झालं. पंगत बसली. तिचा भाऊ नातजावयाला सांगत होता, "आमची इंदी लहानपनापासून हट्टी. थ्या समुद्रावर पाह्य…" मी उठून उभा राहिलो. गुडघे धरून, पण उभा राहिलो. म्हटलं, "थांब. तिले म्या बसवलं होतं. थे उठत होती, म्या म्हटलं बस. हाका मारल्याच नाई. आन् समुद्रात म्या कधी पोहलोच नाई. मुंबईत पाह्यलाही नाई." सगळ्यांचे हात पत्रावळीवर थांबले. पोरानं मान खाली घातली. सून डोळे पुसू लागली. मग तिच्या भावानं उठून माझा खांदा दाबला, त्याचेही डोळे भरले होते, आणि तो म्हणाला, "भाऊजी, बसा. तुमचा जीव लय होता तिच्यावर, माहीत हाय आमाले. पन तिच्यामांग तिच्यासाठी खोटं कायले बोलता? आमची इंदी कशी होती हे का आमाले ठाऊक नाई?" कोणीतरी हसलं, प्रेमानं. कोणीतरी म्हणालं, बुढा खचला. वरण वाढायला आलं.

म्हणून हे कागदावर. कोणी वाचेल तेव्हा मी नसेन, आणि माझ्या खांद्यावर कोणाला हात ठेवता येणार नाही. ती उठत होती. हात टेकला होता तिनं. तिनं विचारलं, पानी परत येत नाई ना? आणि मी म्हटलं, बस तू, ओसरलं थे ओसरलं.